दुकानाच्या फळ्या आणि सुटीचा कायदा

देवस्थानच्या स्मरणिकेत देवळाचा इतिहास, महाजनांची कुळे आणि उत्सवांची परंपरा यांविषयीचे लेख यावेत हे उचितच होय. त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारे विद्वान आपल्यात आहेत. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य मात्र आधी पेढीवर आणि नंतर कचेरीत, रोजमेळ व खतावणी लिहिण्यात गेले. तेव्हा संपादक मंडळींचा आग्रह मोडवेना म्हणून, ज्या विषयाशी माझा प्रत्यक्ष संबंध आला तोच निवडला आहे. आपल्या महाजनांपैकी कितीतरी घराण्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या दुकानावर चालत आला आहे. त्यामुळे दुकान केव्हा उघडावे, केव्हा मिटावे आणि सुटीच्या दिवशी त्यात काय विकावे, या प्रश्नाचा इतिहास वाचकांना अगदीच परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

तारुण्यात एका पेढीवर मी उमेदवारी करीत होतो. माझे अक्षर बरे म्हणून ‘साप्ताहिक सुटी : रविवार’ अशी पाटी रंगविण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती मोठ्या हौसेने रंगविली आणि दर्शनी भागी लावली. पुढे दर रविवारी त्या पाटीखाली दुकानाच्या फळ्या नेमाने लागत, आणि मागल्या दाराने आम्ही तिघे कारकून आत शिरून आठवड्याची राहिलेली खतावणी पुरी करीत असू. एकदा निरीक्षक आले. लावलेल्या फळ्या त्यांनी पाहिल्या, पाटी वाचली, आणि समाधानाने ते परत गेले. आत अंधुक उजेडात आम्ही तिघे श्वास रोखून बसलो होतो. कायद्याला फळ्या दिसल्या. फळ्यांमागची माणसे दिसली नाहीत.

ही गोष्ट मनात घर करून राहिली. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा देशोदेशींच्या अशा कायद्यांविषयी जे वाचावयास मिळाले ते वाचत गेलो, आणि ध्यानात आले की आमच्या त्या पेढीवरचा पेच सोळाशे वर्षांहूनही जुना आहे.

विश्रांती आणि बाजार

पोर्तुगीज भाषेत आठवड्याच्या वारांची नावे मोठी मौजेची आहेत. रविवार म्हणजे ‘दोमिंगु’, प्रभूचा दिवस. शनिवार म्हणजे ‘साबादु’, यहुद्यांच्या विश्रांतिदिनावरून आलेले नाव. मधल्या पाच वारांना ग्रहांची नावे नाहीत. सोमवार म्हणजे ‘सेगुंदा फेइरा’, दुसरी फेइरा. मंगळवार तिसरी, आणि असे करीत शुक्रवार सहावी. ही ‘फेइरा’ लॅटिन ‘फेरिया’पासून आली. फेरिया म्हणजे सणाचा, कामातून मोकळीक असलेला दिवस. पण त्याच पोर्तुगीज भाषेत ‘फेइरा’ या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ आहे बाजार! आपल्याकडे फेस्ताच्या वेळी जी ‘फेरी’ भरते ती हीच. लोक सणासाठी एकत्र जमले की तेथे विक्रेते येणारच. त्यामुळे सुटीचा शब्द बाजाराला चिकटला. आपल्या जत्रेतही एकाची सुटी ही दुसऱ्याच्या कमाईची वेळ असते. खाजेवाला, फुलकार, बांगडीवाला यांना जत्रेच्या दिवशी विश्रांती घ्या असे सांगितले तर ते हात जोडतील.

सुटी आणि बाजार यांचे हे नाते इतके जवळचे असल्यामुळेच त्यांचे भांडणही जुने आहे, आणि ते मिटविण्यास राजसत्तेला प्रथम कायदा करावा लागला तो इ. स. ३२१ मध्ये. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने त्या वर्षी आज्ञा काढली की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी आणि कारागिरांनी विश्रांती घ्यावी. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की, त्या आज्ञेत दिवसाचे नाव सूर्याचे आहे. आपला ‘रविवार’ आणि रोमनांचा सूर्यदिन एकच. शेतकऱ्यांना मात्र सम्राटाने सूट दिली. कारण पेरणीची किंवा द्राक्षलागवडीची योग्य घटका नेमकी त्याच दिवशी आली आणि हुकली तर वर्षाचे पीक जाते. त्याच वर्षी त्याने आणखी एक सवलत दिली. रविवारी न्यायालये बंद असली तरी गुलामाला मुक्त करण्याचा विधी त्या दिवशी करता येईल. सुटीच्या दिवशी कोणते काम चालावे, याचे इतके उदात्त उत्तर पुढच्या काळातील कायदेपंडितांना क्वचितच सुचले.

दूध, बांगडे आणि पाच शिलिंग

पुढील शतकांतला या कायद्यांचा सर्वांत सविस्तर इतिहास इंग्लंडमध्ये सापडतो. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत १६७७ साली रविवार-पालनाचा कायदा झाला. चौदा वर्षांवरील कोणाही व्यापाऱ्याने, कारागिराने वा मजुराने प्रभूच्या दिवशी आपला नेहमीचा ऐहिक धंदा करू नये, असा त्याचा दंडक होता. धंदा केल्यास पाच शिलिंग दंड. विक्रीस मांडलेला माल जप्त. आणि दंड न भरता आल्यास गुन्हेगाराचे पाय दोन तास चौकातल्या खोड्यात.

पण रविवारीही पोट असते. म्हणून त्याच कायद्यात खाणावळी व सराया यांना अन्न शिजविण्याची मोकळीक मिळाली, आणि दूधवाल्यास सकाळी नऊच्या आधी व दुपारी चारनंतर दूध विकण्याची मुभा मिळाली. मधल्या वेळेत उपासना व्हावी, हा हेतू. त्याच शतकाच्या अखेरीस आणखी एका जिनसेला परवानगी द्यावी लागली. ती जिन्नस म्हणजे मॅकरेल मासा, आपल्या बांगड्याचा विलायती भाऊबंद. हा मासा लवकर नासतो, हे कोणाही गोंयकाराला सांगावयास नको. तेव्हा उपासनेच्या आधी व नंतर मॅकरेल विकण्यास हरकत नाही, असे पार्लमेंटने ठरविले. धर्माज्ञा मोठी खरी, पण नासक्या बांगड्यापुढे तिलाही दोन पावले मागे सरावे लागले!

विनोद सोडला तर यातून एक प्रथा पडली, आणि तिने पुढे फार घोटाळा केला. ‘रविवारी दुकान बंद’ हा नियम आणि त्याला जोडून ‘अमुक वस्तू सोडून’ अशी यादी. यादी एकदा सुरू झाली की ती वाढतच जाते.

श्रीमंतांचा रविवार, गरिबांचा रविवार

१८५५ साली लॉर्ड रॉबर्ट ग्रोव्हनर यांनी लंडनमधील रविवारचा व्यापार जवळजवळ बंद करणारे विधेयक पार्लमेंटमध्ये आणले. हेतू सात्त्विक होता. पण त्या काळी कामकऱ्यांना मजुरी मिळे शनिवारी, तीही पुष्कळदा रात्री उशिरा. त्यामुळे आठवड्याचा बाजार करावयास रविवारची सकाळ तेवढी त्यांच्या हाती असे. श्रीमंतांच्या घरी कोठार भरलेले, शिजविणारे नोकर हाताशी, आणि त्यांचे क्लबही चालूच. नोकराला रविवारी राबविणाऱ्यांनी कामकऱ्याची रविवारची भाकरी बंद करावी, हा न्याय लोकांना रुचला नाही.

२४ जून १८५५ रोजी हाइड पार्कमध्ये प्रचंड जनसमुदाय जमला. बड्या लोकांच्या घोडागाड्या तेथे फेरफटका मारावयास येत. लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून त्यांची हुर्यो केली आणि ‘चर्चला जा’ असा सल्ला ओरडून दिला. त्या वेळी लंडनमध्ये राहत असलेल्या कार्ल मार्क्सने हा प्रसंग वृत्तपत्रासाठी लिहून ठेवला आहे. पुढल्या रविवारी पुन्हा गर्दी झाली, पोलिसांचे सोटे चालले, आणि दुसऱ्याच दिवशी विधेयक मागे घेण्यात आले.

या घटनेचा बोध असा की, सुटीचा कायदा सर्वांना सारखाच लागू केला तरी तो सर्वांना सारखाच भारी पडत नाही. मजुरी केव्हा मिळते, कामाचे तास किती, घरी साठवण किती, यांवर त्याचा जाच अवलंबून असतो. बंद दुकानासमोर उभा असलेला गिऱ्हाईकही पुष्कळदा कामकरीच असतो.

पाचव्या परिशिष्टाची कथा

विसाव्या शतकात रविवारच्या कायद्याने आपला धार्मिक पोशाख बराचसा उतरविला. दुकानातील नोकरांना विश्रांती मिळावी आणि एकाने दुकान उघडे ठेवले म्हणून दुसऱ्यालाही उघडे ठेवावे लागू नये, ही कारणे पुढे आली. दुकानदारांच्या संघटनांनाही बंदी हवीच होती. १९३६ साली तसा कायदा झाला आणि पुढे तो १९५० च्या ‘शॉप्स ॲक्ट’मध्ये सामावला गेला. नियम साधा : रविवारी प्रत्येक दुकान गिऱ्हाइकासाठी बंद राहील. अपवाद : पाचव्या परिशिष्टात दिलेल्या वस्तू.

हे पाचवे परिशिष्ट म्हणजे कारकुनी बुद्धीचा अजब नमुना होय. मी स्वतः जन्मभर कारकून, तेव्हा हे शब्द द्वेषाने लिहीत नाही. ताजे दूध विकावे, पण डब्यातले किंवा दुधाची भुकटी विकू नये. ताजी फळे व भाज्या विकाव्या, डबाबंद वा बाटलीबंद विकू नयेत. मद्य, तंबाखू, मिठाई आणि औषधे चालतील. वृत्तपत्रे व मासिके चालतील. ग्रंथ मात्र रेल्वे स्थानक, बसस्थानक वा विमानतळावरच्या पुस्तकविक्री केंद्रातच. सायकल, मोटार आणि विमान यांचे सुटे भाग चालतील. खाणावळीत वा सरायीत घोडा, खेचर, गाढव यांच्यासाठी चारा विकता येईल. तयार जेवण कोणीही विकावे, परंतु तळलेले मासे आणि बटाट्याचे काप, हे इंग्रज कामकऱ्याचे आवडते अन्न, ते विकण्यासाठीच काढलेल्या दुकानातून विकू नये!

परिणाम काय झाला? रविवारी आईला बाळासाठी दुधाची भुकटी मिळणे बेकायदेशीर, पण बापाला जिनची बाटली घेणे कायदेशीर. कोपऱ्यावरच्या दुकानातून उत्तान चित्रांचे मासिक घेता येई, बायबल घेता येत नसे. ज्या दिवसाच्या पावित्र्यासाठी मूळ कायदा जन्मला, त्याच दिवशी त्या धर्माचा ग्रंथ बाजारात निषिद्ध ठरला, याहून मोठा उपहास तो कोणता? कडव्या रविवार-पालनाबद्दल प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडला ही यादी लागूच नव्हती. तेथे रीतिरिवाजाने जे साधले होते त्याला कायद्याच्या यादीची गरज भासली नाही.

या यादीत अक्कल नव्हती असे नव्हे. प्रत्येक कलमामागे कोणाची तरी खरी अडचण होती. प्रवाशाची मोटार अडली तर काय करावे? रुग्णाला औषध कोठून मिळावे? पण अडचणी असंख्य आणि कलमे मोजकी. शिवाय काळ बदलला की वस्तू बदलतात. घोडे गेले तरी घोड्याचा चारा परिशिष्टात राहिला.

ज्यांचा दिवस वेगळा

अशा कायद्यांची खरी कसोटी लागते ती अल्पसंख्याकांच्या बाबतीत. यहुद्यांचा विश्रांतिदिन शनिवार. त्यांनी धर्माज्ञेने शनिवारी आणि राजाज्ञेने रविवारी दुकान मिटावे, तर आठवड्याचे दोन दिवस गेले. इंग्लंडच्या १९५० च्या कायद्याने या प्रश्नाला निदान उत्तर तरी दिले : जो यहुदी दुकानदार शनिवार पाळील त्याने रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान उघडे ठेवावे.

अमेरिकेत तेवढेही सर्वत्र घडले नाही. मेरीलँड राज्यातील एका मोठ्या दुकानाच्या सात नोकरांनी रविवारी एक सुटी पाने लावण्याची वही, फरशीचे मेण, टाचणयंत्र, त्याच्या टाचण्या आणि एक खेळणे विकले, म्हणून त्यांना दंड झाला. तेथल्या यादीत तंबाखू, दूध, पाव, फळे, पेट्रोल, औषधे व वृत्तपत्रे होती, टाचणयंत्र नव्हते. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल दिला की, या कायद्यांचे मूळ धार्मिक असले तरी आज त्यांचा हेतू सर्वांना एक सामायिक विश्रांतीचा दिवस देण्याचा आहे, म्हणून ते घटनाबाह्य नाहीत. त्याच दिवशी फिलाडेल्फियातील यहुदी व्यापाऱ्यांची तक्रारही फेटाळली गेली. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरुद्ध मत नोंदविले. बहुसंख्यांचा धार्मिक दिवस कायद्याच्या बळावर इतरांवर लादता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

टेक्सास राज्याने तर त्याच वर्षी निराळी युक्ती काढली. बेचाळीस वस्तूंची यादी करून ठरविले की, त्या शनिवारी व रविवारी अशा लागोपाठ दोन्ही दिवशी विकू नयेत. कोणता दिवस सोडावा ते दुकानदाराने ठरवावे. १९८५ साली ही यादी रद्द झाली. मात्र न्यू जर्सीतील बर्गन परगण्यात कपडे, फर्निचर इत्यादींची रविवारची विक्री आजही बंद आहे, आणि तेथील पुष्कळ रहिवाशांना ती बंदी हवीशी वाटते. कारण मोठमोठ्या दुकानांमुळे आठवडाभर तुंबलेले रस्ते त्या एका दिवशी मोकळे होतात.

येथे आपल्या कोकणची आठवण होणे अपरिहार्य आहे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल मंडळींचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांच्या शनिवारला शेजाऱ्यांनी नाव दिले, तो बदलावयास लावले नाही. मराठी बोलणाऱ्या समाजाच्या इतिहासातील हे एक लहानसे पण भूषणास्पद पान होय.

खंडोबाचा वार आणि गिरणीचा भोंगा

आपल्याकडे रविवार आला तो इंग्रजी कचेऱ्यांबरोबर, ही सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच खरी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना रविवारची हक्काची सुटी नव्हती. गिरणी थांबलीच, तरी यंत्रे साफ करण्यासाठी अर्धा दिवस राबावे लागे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, यांनी हा प्रश्न हाती घेतला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील पहिली मागणी दर रविवारी पूर्ण दिवस सुटीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी झालेल्यास आधार या मागण्या तिच्या पाठोपाठ होत्या.

रविवार हा खंडोबाचा वार आहे, तो आम्हांस कुलधर्मासाठी मिळाला पाहिजे, असाही या मागणीचा एक आधार होता, असे सांगितले जाते. साहेबाच्या चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या मल्हारीचा दिवस एकच निघाला, हा योगायोग लोखंड्यांनी कामगारांच्या पदरात टाकला. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली.

इंग्लंडच्या इतिहासाशी याची तुलना करून पाहावी. तेथे राज्यकर्त्यांनी देवाच्या नावाने गिऱ्हाइकास सांगितले, ‘विकत घेऊ नकोस’. येथे कामकऱ्याने आपल्या देवाचे नाव घेऊन मालकास सांगितले, ‘मला मोकळा कर’. दोन्हीकडे वार तोच. पण तिकडची बंदी वस्तूंकडे गेली आणि इकडची मागणी माणसाकडे आली.

आपल्या कायद्यांनी काय केले?

दुकानातील नोकराची पाळी गिरणी कामगारानंतर पुष्कळ वर्षांनी आली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ साली मुंबई प्रांतात दुकाने व संस्था यांचा कायदा झाला. १९४२ साली साप्ताहिक सुटीचा केंद्रीय कायदा आला. तो ज्या प्रांताने लागू करावा तेथे लागू. त्याची रचना मला फार आवडते. त्यात रविवारचे नावही नाही आणि वस्तूंची लांबलचक यादीही नाही. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद; तो कोणता ते दुकानदाराने ठरवावे आणि दर्शनी भागी कायम लावलेल्या पाटीवर लिहावे; नोकरास त्या दिवसाचा पगार कापू नये. मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा आणि गोवा, दमण व दीवचा १९७३ चा कायदा याच कुळातले होत. ज्याला सोमवार पाळावयाचा त्याने सोमवार पाळावा, ज्याला शुक्रवार त्याने शुक्रवार. विविध धर्मांच्या देशाला शोभेल असेच हे धोरण होते.

मात्र दाराला फळी आणि पाटीवर वार, एवढ्यावरच अंमलबजावणी थांबली तर काय होते, ते या लेखाच्या आरंभी सांगितलेच आहे.

इंग्लंडमध्ये पाचव्या परिशिष्टाचा शेवट कसा झाला, तोही वृत्तांत बोधप्रद आहे. रॉबिन ऑल्ड यांच्या समितीने १९८४ साली रविवारचे सर्व निर्बंध उठविण्याची शिफारस केली. त्याप्रमाणे थॅचर सरकारने विधेयक आणले. पण १४ एप्रिल १९८६ रोजी ते २९६ विरुद्ध २८२ मतांनी पडले. एरवी एकमेकांकडे न पाहणारे चर्चवाले आणि दुकान कामगारांची संघटना त्या वेळी एकत्र आले होते. सरकारी पक्षाच्याही कित्येक सभासदांनी विरुद्ध मत दिले. पुढे मोठ्या दुकानांनी कायदा खुशाल मोडावयास सुरुवात केली. दंडापेक्षा नफा मोठा, हा साधा हिशेब. ‘बी अँड क्यू’ या दुकानसाखळीचे खटले युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. तेथे १९९२ साली ठरले की असे कायदे करण्यास युरोपीय कराराची आडकाठी नाही.

अखेर १९९४ साली इंग्लंड व वेल्ससाठी नवा कायदा झाला. वस्तूंची जुनी यादी गेली. २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांना रविवारी पूर्ण मोकळीक मिळाली; त्याहून मोठ्या दुकानांना सकाळी दहा ते सायंकाळी सहा यांमध्ये सलग सहा तास. ईस्टरचा रविवार मोठ्या दुकानांना बंद. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रविवारी काम करण्यास नकार देण्याचा हक्क दुकानातील नोकराला मिळाला. काय विकले जाते याऐवजी किती मोठे दुकान आणि कोणाची इच्छा, हे प्रश्न कायदा विचारू लागला. २०१६ च्या मार्चमध्ये उरलेले निर्बंधही सैल करण्याचा सरकारी प्रयत्न ३१७ विरुद्ध २८६ मतांनी फसला.

महाराष्ट्रातही २०१७ साली नवा कायदा होऊन दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. कामगाराला मात्र आठवड्यातून एक दिवस सुटी देणे बंधनकारक राहिले. म्हणजे दुकानाला विश्रांती नाही, माणसाला आहे. तत्त्व म्हणून हे माझ्या मनासारखेच झाले. पण हा कायदा झाला तेव्हा त्याची कलमे मुख्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होती. आम्ही मागल्या दाराने शिरत होतो ते तिघेच होतो.

उरलेला प्रश्न

एवढे वाचून माझे मत असे झाले आहे की, सुटीच्या दिवशी कोणती वस्तू विकावी याची यादी करणारा कायदा फार काळ टिकत नाही आणि टिकला तरी हसे करून घेतो. ज्याची विश्रांती राखावयाची त्या माणसाचे नाव कायद्यात असले पाहिजे.

परंतु हेही पुरेसे नाही, हे कबूल केले पाहिजे. नकार देण्याचा हक्क कागदावर असतो. मालकाच्या तोंडावर ‘मी येणार नाही’ म्हणावयास घरात आठवड्याचे धान्य असावे लागते. आमच्यापैकी कोणालाही ते धैर्य झाले नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने प्रत्येक नोकराला आपला विश्रांतिवार पाळण्याचा पूर्ण हक्क दिला होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मालकाच्या वा सहकाऱ्यांच्या अडचणींचा त्यात विचारच नव्हता. मग ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठी सर्वांचा एक सामायिक बंद दिवसच अखेर आधार ठरतो. त्या दिवशी न येण्याचे कारण त्याला सांगावे लागत नाही. न्यायमूर्ती वॉरन यांच्या निकालात जे बळ आहे ते येथे. शिवाय बापाला मंगळवार, आईला गुरुवार आणि मुलांना रविवार अशी सुटी असलेल्या घरी सुटी सर्वांना असते, पण भेट होत नाही.

आणि लहान दुकानदाराचे काय? ज्या दुकानात नोकर नाही, गल्ल्यावर स्वतः मालक, आत त्याची बायको आणि पुडे बांधणारा त्याचा मुलगा, त्याला कोणताच कायदा सुटी देत नाही. शेजारचे मोठे दुकान आठही प्रहर उघडे राहिले तर त्याने फळ्या लावाव्या कोणत्या हिमतीवर? आपल्या महाजनांतील किती वडीलधाऱ्यांनी उत्सवाची पालखी दुकानाच्या उंबऱ्यावरूनच पाहिली असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

कायदे राज्यकर्त्यांनी करावे. आपल्या हाती एवढेच आहे की, आपल्या दुकानात, पेढीवर वा घरी जो कोणी राबतो, त्याचा आठवड्याचा एक दिवस खरोखर त्याचाच आहे की नाही, हे आपण पाहावे. मी रंगविलेली ती पाटी पुढे कित्येक वर्षे त्या दारावर होती. तिच्यावरचे अक्षर सुरेख आहे असे सर्वजण म्हणत. त्या अक्षरातला मजकूर खरा व्हावा, एवढीच इच्छा या लेखाच्या शेवटी व्यक्त करतो.